वेशीवरचे देवालय : डभोईचा हिरा दरवाजा आणि इंग्लंडमधील वेशीवरची चर्चे

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर वसलेल्या डभोईच्या तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत, आणि त्यांपैकी पूर्वेचा, हिरा भागोळ या नावाने ओळखला जाणारा दरवाजा हा पश्चिम भारतातील तेराव्या शतकाच्या शिल्पकामाचा अत्यंत संपन्न नमुना आहे. भागोळ म्हणजे गावाची वेस आणि तिच्या तोंडाशी असलेली माणसांच्या येण्याजाण्याची, बसण्याउठण्याची जागा. मराठी इतिहासग्रंथांत डभई या नावाने येणारे हे गाव संस्कृत लेखांत दर्भावती म्हणून आढळते. पश्चिमेचा बडोदा दरवाजा, उत्तरेचा चांपानेर किंवा महुडी दरवाजा आणि दक्षिणेचा नांदोद दरवाजा हे इतर तीन दरवाजेही पाहण्याजोगे आहेत. परंतु हिरा दरवाज्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे दरवाज्याच्या एका अंगाला कालिकामातेचे मंदिर व दुसऱ्या अंगाला वैद्यनाथ शिवाचे मंदिर अशी योजना करून तट, दरवाजा आणि देवालय यांची एकच वास्तू घडवली गेली आहे. सैनिकी कामासाठी बांधलेल्या वास्तूवर नंतर कोणी देवळी बसवली, असा हा प्रकार नाही. नगराची सीमा राखण्याचे काम राजाच्या पहारेकऱ्यांकडे जितके, तितकेच देवतेकडेही सोपवण्याचा विचार येथे पायापासून दिसतो. या वास्तूचे मोल तिच्या कोरीवकामापेक्षाही या जोडणीत अधिक आहे, आणि साडेसातशे वर्षांहून अधिक काळ तिच्यात जे टिकले ते का टिकले, याचाही पुष्कळसा उलगडा या जोडणीतूनच होतो, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन पारखून पाहण्यासाठी दूरच्या, पण त्याच काळातल्या एका वास्तुप्रकाराकडे वळणे उपयोगाचे ठरेल. मध्ययुगीन इंग्लंडमधील गावोगावची चर्चे पॅरिश या व्यवस्थेवर उभी होती. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती आणि तिची शेतजमीन. या कक्षेतील माणसाचा नामकरणाचा, विवाहाचा आणि दफनाचा संस्कार त्याच चर्चमध्ये होत असे आणि त्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चच्या निर्वाहासाठी जात असे. वास्तूचे मुख्य भाग दोन असत. पश्चिमेकडचा लांबट मंडप, ज्याला नेव्ह म्हणतात, तो सर्व लोकांचा. आणि पूर्वेकडचा, वेदी असलेला लहान भाग, ज्याला चॅन्सल म्हणतात, तो धर्मगुरूंचा. आपल्याकडील सभामंडप आणि गर्भगृह यांच्याशी ही रचना काही अंशी जुळते. मात्र तेथील एक रिवाज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. चॅन्सलची डागडुजी धर्मगुरूच्या अधिकारपदाकडे आणि नेव्हची डागडुजी पॅरिशमधील रहिवाशांकडे, अशी जबाबदारीची वाटणी तेथे रूढ होती. छप्पर गळू लागले की कोणी खर्च करायचा हे ठरलेले असे, आणि त्यामुळेच लोकरीच्या व्यापारावर सधन झालेल्या गावांनी आपापल्या चर्चचे नेव्ह पंधराव्या शतकात पुन्हा उंच आणि प्रशस्त बांधून घेतले, तर चॅन्सल पुष्कळदा जुन्या, ठेंगण्या रूपातच राहिले. एकाच इमारतीत दोनतीन शतकांची बांधणी शेजारीशेजारी दिसते, त्याचे कारण स्थपतीच्या लहरीत नसून जबाबदारीच्या या वाटणीत आहे.

अशा चर्चांपैकी काही चर्चे नगराच्या वेशीवर होती, आणि डभोईच्या संदर्भात तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. विंचेस्टर येथे किंग्जगेट नावाच्या नगरद्वाराच्या थेट माथ्यावर सेंट स्विदन या संताच्या नावाचे लहानसे पॅरिश चर्च आहे. जिन्याने वर जाऊन उपासना करावी आणि खालून लोकांनी ये-जा करावी, अशी त्याची रचना आहे. त्याचा उल्लेख १२६४ साली सापडतो, तोही नगरवासी आणि तेथील कॅथीड्रलचा मठ यांच्यातील तंट्यात ते जाळले गेल्याचा. ते पुन्हा उभे राहिले आणि आजही उपासनेत आहे. ब्रिस्टलमध्ये सेंट जॉन याचे चर्च नगराच्या तटातच बसवलेले असून त्याच्या मनोऱ्याखालून दरवाज्याची वाट जाते. कँटरबरी येथेही पश्चिम दरवाज्यावर होली क्रॉस नावाचे चर्च होते; चौदाव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप सडबरी याने तो दरवाजा नव्याने बांधायला घेतला तेव्हा चर्च खाली उतरवून दरवाज्याशेजारी बांधण्यात आले. प्रवासाला निघणाऱ्याने वेशीवर प्रार्थना करावी आणि सुखरूप परतणाऱ्याने तेथेच आभार मानावेत, ही त्यामागची साधी भावना होती. रात्री दरवाजे मिटल्यावर ज्या काळात नगराबाहेर चोर, श्वापदे आणि शत्रू यांचेच राज्य असे, त्या काळातील माणसाला ही भावना किती खरी वाटत असेल, याची कल्पना विजेच्या दिव्यांत राहणाऱ्या पिढ्यांना प्रयत्नपूर्वकच करावी लागते.

विंचेस्टरचे चर्च दरवाज्याच्या वर आहे आणि डभोईची देवळे दरवाज्याच्या बाजूंना आहेत, हा भेद मात्र वरवरचा नाही. भारतीय मंदिरशास्त्रात गर्भगृहाच्या जागी जमिनीत विधिपूर्वक गर्भन्यास केला जातो, म्हणजे धान्य, रत्ने, धातू अशा वस्तू पायात ठेवल्या जातात, आणि देवतेचे आसन त्या भूमीशी जोडलेले मानले जाते. रहदारीच्या पोकळीवर असे गर्भगृह उभारणे या कल्पनेत सहजी बसणारे नव्हते. म्हणून डभोईच्या स्थपतीने वाट मोकळी ठेवली आणि देवतांना तिच्या दोन्ही अंगांना घट्ट भूमीवर बसवले. नगरात शिरणारा माणूस देवतेच्या खालून जात नाही, तो दोन देवतांच्या मधून जातो.

हा तट आणि हे दरवाजे केव्हा आणि कशासाठी बांधले गेले, हे पाहताना दख्खनचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. तटाच्या आरंभाचे श्रेय परंपरा सोळंकी राजा जयसिंह सिद्धराज याला देते, ज्याची कारकीर्द १०९४ च्या सुमारास सुरू होऊन ११४३ च्या सुमारास संपली. परंतु आज दिसणाऱ्या दरवाज्यांची घडण तेराव्या शतकातील, वाघेला घराण्याच्या काळातील आहे. हे घराणे आधी सोळंक्यांचे मांडलिक होते. लवणप्रसाद आणि त्याचा पुत्र वीरधवल यांनी धोळक्याहून राज्याचा कारभार हाती घेतला, आणि वीरधवलाचा पुत्र वीसलदेव १२४४ च्या सुमारास अणहिलवाड पाटणच्या गादीवर बसला. वीरधवलाचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू आबूच्या जैन मंदिरामुळे सर्वांना परिचित आहेत. तेजपालाने गोध्र्याच्या घुघुल नावाच्या सामंताचा पाडाव केल्यावर दर्भावतीला येऊन, लुटारूंच्या भयाने त्रस्त झालेल्या लोकांसाठी तट बांधला, असे वर्णन जिनहर्षाच्या वस्तुपालचरितात येते. हा ग्रंथ घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेला आहे आणि त्याचा हेतू चरित्रनायकाचा गौरव हाच आहे, तेव्हा त्यातील तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण भय होते, हे मात्र निःसंशय.

त्या भयाचा एक मोठा स्रोत देवगिरी हा होता. मही आणि नर्मदा यांच्या परिसरातील लाट नावाचा हा प्रदेश गुजरातचे राजे, माळव्याचे परमार आणि देवगिरीचे यादव या तिघांच्या चढाओढीत सापडलेला होता, आणि यादव सिंघण याच्या सैन्याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या बाजूस वारंवार स्वाऱ्या केल्या. सिंघणाची सेना येत आहे या वार्तेने गुजरातची प्रजा कशी हवालदिल झाली, याचे वर्णन सोमेश्वर या कवीने कीर्तिकौमुदी या काव्यात केले आहे. लेखपद्धति नावाच्या, पत्रे व दस्तऐवज कसे लिहावेत याचे नमुने देणाऱ्या संस्कृत ग्रंथात सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यातील तहाचा मसुदा आहे. त्यावर विक्रम संवत् १२८८ ची मिती असून परस्परांच्या सीमा न ओलांडण्याचे वचन त्यात दिलेले आहे. हा ग्रंथ १९२५ साली बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत चि. डा. दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला, ही बडोदेकर मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. याच संघर्षाची दुसरी बाजू मराठवाड्यात अंबाजोगाईला दिसते. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे लेख तेथे आहेत. त्याचा पुत्र राम हा गुर्जरांशी लढताना नर्मदेच्या तीरावर मारला गेला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे मंदिर बांधले. ज्या युद्धांच्या धास्तीने डभोईचा तट बळकट झाला, त्याच युद्धांतील एका मृत्यूचे स्मारक अंबाजोगाईला उभे राहिले. दोन्ही वास्तू एकाच इतिहासाच्या आहेत, आणि त्या एकत्र अभ्यासल्या जात नाहीत याचे कारण केवळ आजच्या राज्यांच्या सीमा हे आहे.

हिरा दरवाज्याच्या काळाविषयीचा बळकट पुरावा म्हणजे तेथील वैद्यनाथ प्रशस्ती हा शिलालेख. प्रशस्ती म्हणजे राजाचे कुळ, पराक्रम आणि धर्मकृत्य यांचे काव्यमय वर्णन करणारा लेख. तिचा कर्ता कीर्तिकौमुदीचा तोच सोमेश्वर, वाघेला राजांचा पुरोहित; तिची मिती विक्रम संवत् १३११, म्हणजे इसवी सन १२५३ च्या उन्हाळ्यातील; आणि तिचा विषय वीसलदेवाने केलेला वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार. लेखाचा मोठा भाग झिजून गेलेला असल्यामुळे गेओर्ग ब्यूलर या संस्कृत पंडिताने तो वाचून प्रसिद्ध केला तेव्हा पुष्कळ श्लोकांचे तुकडेच त्याच्या हाती लागले. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : १२५३ मध्ये येथे जे झाले ते नवे मंदिर बांधण्याचे नव्हे, तर आधीच्या मंदिराला नवे रूप देण्याचे काम होते. म्हणजे वेशीवरचा हा देव वीसलदेवाहून जुना आहे. राजाने तट बळकट केला तेव्हा त्याने देवाची जागा हलवली नाही, तर तो देव आणि तो तट यांना एका रचनेत गोवले.

या दरवाज्यांची बांधणी समजून घेताना कमान आणि तुळई यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. दोन खांबांवर आडवा दगड ठेवला की त्याच्या वरच्या अंगावर दाब येतो आणि खालचे अंग ताणले जाते. दगड दाब उत्तम सोसतो पण ताण सोसत नाही, आणि म्हणून अंतर वाढले की आडवा दगड मधोमध तडकतो. युरोपातील मध्ययुगीन स्थपतींनी यावर टोकदार कमानीचा उपाय केला. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, त्यामुळे ताण उरत नाही. पण कमान आपल्या पायथ्यांना बाहेरच्या बाजूस सतत रेटत राहते आणि तो रेटा अडवण्यासाठी भिंतीला बाहेरून जाड आधारस्तंभ द्यावे लागतात. इंग्लंडच्या चर्चांच्या भिंतींना ठराविक अंतरावर दिसणारे पुढे आलेले आधारस्तंभ हे याच रेट्याला दिलेले उत्तर आहे.

डभोईच्या स्थपतीने वेगळा मार्ग घेतला. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्याने ओळीने अर्धस्तंभ उभे केले, म्हणजे भिंतीतून निम्मे बाहेर आलेले खांब. त्यांच्या माथ्यावर दगडी हस्त एकावर एक असे रचले की प्रत्येक वरचा हस्त खालच्याहून थोडा पुढे आला. दोन्ही बाजूंनी असे थर पुढे सरकत गेले की मधली पोकळी वर वर अरुंद होत जाते आणि शेवटी उरलेल्या लहान अंतरावर आडवी शिळा ठेवता येते. पुढे आलेला हस्त उलटून पडू नये म्हणून त्याचे मागचे टोक भिंतीत खोल घालून वरच्या तटाच्या वजनाने दाबून ठेवायचे असते. म्हणजे जो तट दरवाज्याच्या डोक्यावर भार होऊन बसलेला वाटतो, तोच वास्तविक दरवाज्याला उभा ठेवतो. या रचनेत बाहेरचा रेटा नाही, सर्व भार सरळ खाली जातो. रुंद वाट मात्र या पद्धतीने साधत नाही, आणि नांदोद दरवाज्याची रुंदी सोळा फुटांच्या जवळपास असणे हे त्या मर्यादेत बसणारेच आहे. उंचीला अशी मर्यादा नव्हती : जुन्या गॅझेटियरमधील मापांनुसार नांदोद दरवाजा सुमारे २९ फूट, बडोदा दरवाजा सुमारे ३१ फूट आणि हिरा दरवाजा सुमारे ३७ फूट उंच आहे. अंबारीसह हत्ती आत यावा एवढी ही उंची आहे, आणि राजाची मिरवणूक कशी आत येत असेल याचा विचार त्या स्थपतीने केलेला असणारच.

सोळंकी आणि वाघेला काळातील मंदिरशैलीला अभ्यासक मारू-गुर्जर हे नाव देतात, कारण राजस्थानातील मरुभूमी आणि गुर्जर देश या दोन्हींच्या परंपरा तिच्यात मिसळल्या आहेत. त्या शैलीत मंदिराची बाहेरची भिंत कधीही सपाट राहत नाही. तळाच्या पीठावर एकावर एक आडवे थर येतात; त्यांत सिंहमुखांची पट्टी, हत्तींची रांग म्हणजे गजथर, घोड्यांची रांग म्हणजे अश्वथर, आणि माणसांची रांग म्हणजे नरथर असा क्रम मोठ्या मंदिरांत आढळतो; त्यावर मंडोवर, म्हणजे मुख्य भिंत, आणि तिच्या मध्यभागी जंघा नावाच्या पट्ट्यात देवदेवता आणि अप्सरा यांच्या मूर्ती असतात. हिरा दरवाज्यापाशी या मंदिरभाषेचा वापर तटाच्या भिंतीसाठी केलेला आहे. कालिकामातेच्या मंदिराची बाजू पाहताना देवळाची भिंत कोठे संपते आणि तटाची कोठे सुरू होते हे चटकन सांगता येत नाही, इतके मूर्तिकाम दाट आहे. यादवकालीन महाराष्ट्रातील देवळांशी याची तुलना केली तर वृत्तीतील भेद उमजतो. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखरावर लहान शिखरांच्या उभ्याआडव्या ओळी एका ठाम भूमितीत बसवलेल्या आहेत आणि शिल्प त्या भूमितीच्या आज्ञेत राहते. गुजरातचा शिल्पी मात्र दगडाचा तसूभरही भाग मोकळा सोडायला तयार नसतो. दख्खनच्या काळ्या, कठीण पाषाणाला सरावलेल्या दृष्टीला डभोईचे हे वैभव प्रथमदर्शनी अतिरिक्त वाटण्याचा संभव आहे, पण थोडा वेळ थांबून पाहिले तर त्या गर्दीतही आडव्या थरांची शिस्त पक्की असल्याचे दिसते.

या शिल्पांपैकी एकाची कथा येथे सांगणे प्रस्तुत होईल. दरवाज्यावर एक पुरुष, एक स्त्री आणि दोघांमध्ये एक वृक्ष असे शिल्प आहे, आणि गॅझेटियरच्या इंग्रज लेखकाला ते पाहून युरोपातील मध्ययुगीन शिल्पांतील आदाम आणि हव्वा यांची आठवण झाली. ही तुलना अर्थातच आधाराची नाही. वृक्ष आणि मिथुन यांची जोडी भारतीय शिल्पात प्राचीन काळापासून मंगलचिन्ह म्हणून दारावर कोरली जाते. तरीही आपल्या गावच्या चर्चमध्ये दगडांवरील बायबलच्या कथा पाहत वाढलेल्या माणसाला परदेशातील एका वेशीवर आपले काही भेटावे, हे समजण्यासारखे आहे.

दरवाज्याचे नाव ज्याच्यावरून पडले असे मानतात, तो हिरा अथवा हिराधर नावाचा कारागीर हा लोककथेचा नायक आहे. एका कथेप्रमाणे राजाच्या बांधकामासाठी येणारे दगड त्याने आपल्या तेना नावाच्या प्रियेसाठी तळे बांधण्याकडे वळवले. डभोईजवळचे तेनतळाव हे गाव त्या तळ्याची आठवण सांगते. चोरी उघडकीस आल्यावर राजाने त्याला दरवाज्याच्या भिंतीत जिवंत चिणण्याची शिक्षा दिली, आणि भिंतीतील एका फटीतून त्याला तूप पाजून जगवण्यात आले, असे कथेच्या काही रूपांत सांगतात. या कथेला लिखित पुराव्याचा आधार नाही. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा सामाजिक आशय आहे : सोमेश्वराच्या प्रशस्तीने राजाचे नाव जपले, तर गावाने दरवाज्याला कारागिराचे नाव दिले. इंग्लंडच्या मध्ययुगीन चर्चांतही बांधणाऱ्यांची नावे क्वचितच आढळतात; गवंड्यांनी आपापल्या दगडांवर खोदलेल्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. मराठी वाचकाला येथे रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरून घेणारा हिरोजी इंदुलकर आठवेल. हिरोजीने पायरीची जागा स्वतः मागून घेतली. डभोईच्या हिऱ्याला सबंध दरवाजा लोकांनी बहाल केला.

पुढचा काळ या वास्तूला सोपा गेला नाही. १२९९ च्या सुमारास अलाउद्दीन खलजीच्या सेनापतींनी गुजरातवर केलेल्या स्वारीत कर्ण वाघेला पराभूत झाला, राज्य संपले आणि पुढील उलथापालथीत डभोईच्या मूर्तींची मोडतोड झाली. हिरा दरवाज्याजवळच मामा डोकरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीची कबर आहे; तिच्या मुलावर हिंदू राजाने केलेल्या अन्यायाचा सूड घेण्यासाठी ती सैन्य घेऊन आली, अशी तिची कथा आहे. एकाच वेशीपाशी कालिकामाता, वैद्यनाथ, हिराधर आणि मामा डोकरी या चौघांच्या आठवणी नांदतात, आणि त्यांतील कोणतीही एक वगळून या जागेचा इतिहास पूर्ण होत नाही.

अठराव्या शतकात डभोई मराठ्यांच्या इतिहासात आली ती एका दुःखद प्रसंगाने. गुजरातच्या चौथाईवरून पेशवे आणि सेनापती दाभाडे यांच्यात वितुष्ट वाढत गेले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ भिलापूरच्या मैदानात पहिला बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. त्र्यंबकराव गोळी लागून पडले. त्यांच्या बाजूने लढणारे पिलाजीराव गायकवाड जखमी होऊन निसटले. छत्रपती शाहूंनी नंतर त्र्यंबकरावांच्या मातोश्री उमाबाई दाभाडे यांचे सांत्वन करून दोन्ही पक्षांत समेट घडवला, पण गुजरातेतील मराठी सत्तेचे केंद्र तेथून पुढे दाभाड्यांकडून गायकवाडांकडे सरकत गेले. बडोद्याच्या राजवटीचा पाया ज्या घटनांनी घातला, त्यांत डभोईच्या रणाचा वाटा मोठा आहे.

१७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या स्वारीत इंग्रजांनी डभोई घेतली आणि सालबाईच्या तहानुसार १७८३ मध्ये ती मराठ्यांना परत मिळेपर्यंत जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा अधिकारी तेथे कलेक्टर होता. १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ओरिएंटल मेमॉयर्स या ग्रंथात डभोईचे विस्तृत वर्णन आहे. तेथील माकडांविषयी त्याने लिहिलेले मोठे मनोरंजक आहे : शेजाऱ्यावर राग असला की पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या कौलांवर धान्य टाकायचे, म्हणजे दाणे वेचण्यासाठी माकडे कौले उलटीपालटी करून टाकतात आणि पहिल्या पावसात घर गळते. हिरा दरवाज्याने मात्र तो खरोखर भारावला होता. गाव सोडताना त्याने तेथील प्रमुखांच्या संमतीने पडक्या वास्तूंवरचे काही शिल्पखंड मागून घेतले, ते जहाजाने इंग्लंडला नेले आणि लंडनजवळच्या स्टॅनमोर येथील आपल्या बागेत अष्टकोनी मंडप बांधून त्यात ठेवले. वेशीवर देवता बसवण्याचा संस्कार ज्या इंग्लंडमध्ये होता, त्या इंग्लंडमध्ये डभोईचे दगड पोहोचले ते बागेची शोभा म्हणून. फोर्ब्सचा जिव्हाळा खरा होता यात शंका नाही, पण दगड आपल्या जागेपासून तुटला की त्याचे शिल्प राहते आणि काम जाते, हेही तितकेच खरे.

शास्त्रीय नोंदीचा काळ सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आला. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांनी बडोदा सरकारसाठी केलेला डभोईच्या प्राचीन वास्तूंवरील सचित्र ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मोजमापे आणि आरेखने आजही अभ्यासकाला टाळता येत नाहीत. १९३४ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापन करून त्याची सूत्रे हिरानंद शास्त्री यांच्याकडे दिली, आणि त्यांनी दर्भावतीच्या अवशेषांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इंग्लंडमध्येही बर्जेसच्या ग्रंथाच्या सुमारास जुन्या चर्चांच्या रक्षणाचा प्रश्न तीव्र झाला होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत भिंतींवरची चित्रे चुन्याने पुसली गेली आणि मूर्ती फोडल्या गेल्या. नंतर एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धाराच्या उत्साहाने जुने दगड काढून नवे बसवले जाऊ लागले, तेव्हा विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढून, नवे करू नका, नियमित डागडुजी करा, असा आग्रह धरला. मॉरिसचा आग्रह योग्य होता. पण त्याआधीची चार शतके त्या चर्चांची कौले बदलणारे, पाण्याचे पन्हळ साफ करणारे पॅरिशचे लोक नसते, तर रक्षण करण्यासारखे फारसे काही उरलेच नसते.

डभोईतही हेच घडले. वैद्यनाथाचे मूळ मंदिर आज त्याच्या पूर्वीच्या रूपात उभे नाही, त्याची समोरची बाजू आणि झिजलेला लेख तेवढा मागे राहिला. कालिकामातेचे मंदिर मात्र आजही दर्शनाला खुले आहे आणि तेथे रोजची पूजा चालते. एकाच काळात, एकाच दरवाज्याच्या दोन अंगांना असलेल्या या दोन वास्तूंच्या दैवात पडलेले अंतर पाहिले, तर ज्या देवतेचे भक्त टिकले तिच्या भिंती टिकल्या, असे म्हणावेसे वाटते. यात आक्रमण, हवामान, दगडाची प्रत अशी इतर कारणेही गुंतलेली असतील. परंतु रोज दार उघडणारा, झाडलोट करणारा आणि भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटणारा माणूस असणे, याला वास्तूच्या आयुष्यात पर्याय नसतो. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले की चुन्याविना रचलेल्या दगडांना ते काही वर्षांतच हलवते, हे पडझड झालेल्या कोणत्याही किल्ल्यावर पाहता येते.

डभोईचे हे दरवाजे आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बडोदा मंडळाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारके आहेत. संरक्षित स्मारक आणि जागृत देवस्थान यांचे हितसंबंध नेहमीच एका दिशेने जात नाहीत. पूजेसाठी तेल, शेंदूर आणि दिव्याची काजळी लागते, आणि त्यांनी कोरीवकामाच्या कडा बुजतात. भाविकांना फरशी आणि छप्पर हवे असते, आणि पुरातत्त्वज्ञाला मूळ रूप झाकले जाण्याची धास्ती असते. या तंट्यात पूजा बंद करण्याचा उपाय सुचवणाऱ्यांनी वैद्यनाथाकडे पाहावे, आणि पूजेच्या नावाने भिंतींना रंग देणाऱ्यांनी बर्जेसच्या ग्रंथातील आरेखनांशी आजच्या भिंती ताडून पाहाव्यात. इंग्लंडच्या पॅरिशमध्ये नेव्ह कोणाकडे आणि चॅन्सल कोणाकडे हे जसे ठरलेले आणि सर्वमान्य होते, तशी वाटणी येथेही करता येईल : गर्भगृह आणि त्यातील नित्योपचार देवस्थानाकडे, बाहेरच्या शिल्पभिंती, तट आणि लेख पुरातत्त्व खात्याकडे, आणि दोघांमधील मंडपाची देखभाल नगराच्या लोकांकडे. त्यासाठी प्रथम गरज आहे ती बर्जेस आणि शास्त्री यांचे ग्रंथ मराठीत आणि गुजरातीत उपलब्ध होण्याची, आणि वैद्यनाथ प्रशस्तीचा आज वाचता येणारा भाग नव्या छायाचित्रांच्या मदतीने पुन्हा तपासून, अंबाजोगाईच्या खोलेश्वराच्या लेखांसह एकत्र प्रसिद्ध होण्याची. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला चालवणाऱ्या बडोद्यातील प्राच्यविद्या मंदिराने हे काम हाती घेतले, तर सिंघण आणि लवणप्रसाद यांच्या तहाच्या मसुद्याशेजारी त्या तहाच्या दोन्ही बाजूंचे शिलालेख प्रथमच एका ग्रंथात येतील.